अजून दहा गणिते

एका वहीचे पान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पानावर बारा गणिते आहेत. त्यांपैकी अकरा सोडवलेली, उत्तराभोवती नीट चौकट आखलेली, आणि बारावे अर्ध्यावर सोडून दिलेले. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाऊस कमी आणि मुंबईला गेलेली माणसे जास्त अशा भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तेव्हा चौथी-पाचवीचा जोडवर्ग घेत होते, आणि ही वही पाचवीतल्या एका मुलीची होती. सुरुवातीला मला वाटले की ती कंटाळत असेल. पंधरा-वीस दिवस वह्या तपासल्यावर लक्षात आले की अर्धवट राहिलेले गणित कधीच अवघड नसते. ते केवळ शेवटचे असते. एके दिवशी मधल्या सुट्टीत, मुले खिचडीची ताटे धुवायला हापशाकडे गेलेली असताना, मी तिला जवळ बोलावून कारण विचारले. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली आणि मग म्हणाली, “बाई, पुरं झालं की तुम्ही अजून दहा देता.”

मी खरोखरच देत होते. दोन इयत्तांचा जोडवर्ग, पटावर एकतीस मुले, त्यांपैकी सात-आठ जणांना हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, अशा वर्गात आठ मिनिटांत बारा गणिते संपवून वही पुढे धरणाऱ्या मुलीचे काय करायचे, याचे माझ्याजवळचे उत्तर तेवढेच होते. माझ्या मनात ती शाबासकी होती. तिच्या हिशेबात ती शिक्षा होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता. लवकर काम संपवणाऱ्याला त्याच कामाचा दुसरा हप्ता मिळत असेल, तर कोणताही शहाणा माणूस काम सावकाश करायला शिकतो. सरकारी नोकरीत बावीस वर्षे काढलेल्या मला ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीने सांगावी लागली, याची थोडी गंमतही वाटली.

माझा दुसरा उपाय त्याहून सोयीचा होता. तिला गटप्रमुख करून मागे पडलेल्या दोघींना समजावून सांगायला बसवायचे. दुसऱ्याला शिकवताना आपलेही पक्के होते हे खरे आहे, आणि आठवड्यातून एखादा तास असे बसणे सगळ्यांच्याच हिताचे असते. परंतु रोज तेच होऊ लागले की ते मूल वर्गात विद्यार्थी म्हणून उरत नाही, ते शिक्षकाचे बिनपगारी मदतनीस होते. वर्षअखेरीला त्या दोघींना हातच्याची वजाबाकी आली असती. तिला नवे काय आले असते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या नोंदवह्यांमध्ये या मुलीसाठी रकानाच नव्हता. २०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि कोणते मूल कोणत्या क्षमतेत मागे आहे, त्याला कधीपर्यंत वर आणायचे, याच्या याद्या आम्ही करू लागलो. त्या करायलाच हव्या होत्या. आठवीत पोचूनही साधा परिच्छेद वाचता न येणारी मुले मी पाहिली आहेत आणि शिक्षकाच्या वेळेवर पहिला हक्क त्यांचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘प्रगत’ या शेऱ्याचा व्यवहारातला अर्थ ‘आता याच्याकडे पाहिले नाही तरी चालेल’ असा होऊन बसला. जूनमध्येच इयत्तेच्या बहुतेक अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वर्षात यायला हव्यात त्या गोष्टी, गाठून बसलेले मूल पुढचे दहा महिने वर्गात काय करते, हे विचारणारा एकही तक्ता मला कधी भरावा लागलेला नाही; आणि तक्ते भरण्याच्या बाबतीत आम्हा शिक्षकांचा अनुभव काही कमी नाही.

‘हुशार पोर आपलं आपण शिकतं’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे आणि स्वतः उच्चारलेही आहे. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच घातक आहे. असे मूल पाठ्यपुस्तक आपले आपण शिकते, पण अडणे म्हणजे काय, अडल्यावर बसून राहायचे कसे, चुकलेली वाट सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कशी करायची, हे त्याला कोणी शिकवत नाही, कारण त्याला अडू देईल असे काही त्याच्यासमोर येतच नाही. माझे स्वतःचे असेच झाले. दहावीपर्यंत वर्गात पहिला नंबर सुटला नाही आणि त्यासाठी फारसा अभ्यासही करावा लागला नाही. अकरावीला शास्त्र शाखेत गेल्यावर पहिल्यांदा असे गणित समोर आले की जे वाचून लगेच सुटले नाही, आणि मी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला की आपली हुशारी संपली. कष्ट करून समजते, ही कल्पनाच मला परकी होती. बारावीनंतर मी डी.एड.ला गेले. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. मात्र तो मी घेतला नव्हता, घाबरून घेतला गेला होता, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

त्या मुलीला खरोखर काय हवे होते, हे मला एका चुकीच्या बेरजेमुळे कळले. अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा चालू होता. छेद समान न करता अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची चूक मुले हमखास करतात, म्हणून मी ती मुद्दामच फळ्यावर लिहिली: १/२ + १/३ = २/५. हे चूक का, असे विचारल्यावर बहुतेकांनी पाठ केलेले उत्तर दिले की छेद समान केलेले नाहीत. ती म्हणाली, “अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं पाहिजे. हे तर अर्ध्यापेक्षा लहान आहे.” नियमाच्या आधाराशिवाय दिलेले हे कारण माझ्या कारणापेक्षा चांगले होते. मी शाबासकी दिली आणि पुढे गेले. दहा मिनिटांनी तिचा हात पुन्हा वर आला. “पण बाई, ते एक-तृतीयांशापेक्षा मोठं आहे. दोन्हींच्या मधोमध आलंय. म्हणजे मधोमध नाही, पण मध्ये. असं नेहमी मध्येच येतं का?”

मला माहीत नव्हते. बावीस वर्षे मी ही चूक लाल शाईने खोडत आले होते आणि चुकून आलेले ते उत्तर नेमके कुठे पडते, हे एकदाही पाहिले नव्हते. मी तिला तसे सांगितले आणि ‘तूच बघ’ म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने वहीची तीन पाने भरून आणली होती; तीसएक जोड्या घेतलेल्या आणि प्रत्येक वेळी उत्तर दोघांच्या मध्येच. तिच्या डोक्यात मात्र समाधान नव्हते. तीस वेळा आले म्हणजे एकतिसाव्या वेळी येईलच कशावरून, असा तिचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न पडणे म्हणजेच गणित सुरू होणे, हे मला तेव्हा जाणवले. त्या रात्री स्वयंपाक आवरल्यावर मी अक्षरे मानून तिरकस गुणाकार केला आणि चार ओळींत ते सिद्ध झाले. पण पाचवीतल्या मुलीला अक्षरांची ओळख नव्हती. तिला पटेल असे कारण मला सापडत नव्हते आणि ते शेवटी मिळाले ते भलत्याच ठिकाणाहून. पलीकडच्या बाजूला बसलेला, खरे तर पाढे लिहायला सांगितलेला चौथीतला एक मुलगा आमचे बोलणे ऐकत होता. तो म्हणाला, “गोट्यांसारखं आहे ते. आधी दोन नेम मारले, एक लागला. मग तीन मारले, एक लागला. सगळे मिळून पाचात दोन. पहिल्या खेपेपेक्षा वाईट, दुसऱ्या खेपेपेक्षा चांगलं. मध्येच येणार की.”

पुढे वाचनात आले की जॉन फॅरी नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडताना हीच ‘चुकीची बेरीज’ मधल्या अपूर्णांकात सापडते, असे निरीक्षण नोंदवले होते. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती, ती कोशी या फ्रेंच गणितज्ञाने दिली. मी हे तिला सांगितले तेव्हा सिद्धता नसलेल्या माणसाचेही नाव राहिले, याचे तिला विशेष वाटले.

या सगळ्याला चार दिवस लागले. त्याच वर्षी ती पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार होती, आणि त्या परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात. हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. ७२ सेकंदांत उत्तर हेरणे हेही एक कौशल्य आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. या परीक्षेने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना ‘आपणही कोणीतरी आहोत’ हा विश्वास दिला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मुले शोधण्याच्या कामात महाराष्ट्र मागे नाही. शिष्यवृत्ती आहे, जी २०१६-१७ मध्ये चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीकडे आणली गेली होती. नवोदयची प्रवेश परीक्षा आहे. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. आठवीत आर्थिक दुर्बल घटकातील मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे, जिच्यातून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा होती, जी २०२१ पासून थांबलेली आहे. निकाल लागला की फोटो छापून येतात, ग्रामपंचायत शाल-श्रीफळ देते, शाळेच्या भिंतीवर गुणवंतांची नावे रंगवली जातात. आणि दुसऱ्या दिवशी ते गुणवंत मूल त्याच बाकावर बसून, त्याला दोन वर्षांपूर्वीच आलेली, तीच बारा गणिते सोडवू लागते. आपण निवड करतो आणि त्यालाच शिक्षण समजतो.

निवडीनंतर काय करायचे, याचा विचार आपल्याकडे झालाच नाही असे नाही. पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे, म्हणजे आप्पांनी, १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीचे काम सुरू केले आणि १९६९ मध्ये तिथे प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला उभी राहिली. बुद्धी एकसंध नसून अनेक क्षमतांची बनलेली आहे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांचे प्रारूप तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी चाचण्यांसाठी आधाराला घेतले. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते हे की चाचणी तिथे शेवट नव्हती, तिच्यानंतर प्रकल्प होते, दौरे होते, आणि ही बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे असा रोजचा आग्रह होता. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम केले, तेव्हा पुस्तकाची भाषा हाच त्या मुलांच्या वाटेतला मोठा अडथळा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मला या दोन्ही प्रयत्नांबद्दल आदर आहे. मात्र पुणे आणि मुंबई माझ्या शाळेपासून लांब आहेत, आणि माझ्या वर्गातल्या मुलीला सोमवारी सकाळी काय द्यायचे, हे मलाच ठरवायचे होते.

पहिल्यांदा तिला किती येते, ते पाहणे आवश्यक होते. पाचवीच्या संकलित चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण होते आणि ते गुण मला काहीच सांगत नव्हते. चार फुटांवर संपणाऱ्या पट्टीने साडेचार फूट उंचीचे मूल मोजले तर उत्तर चार फूटच येणार. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालय प्रवेशासाठीची परीक्षा द्यायला लावली, ती याच कारणासाठी. मी तिला सहावीची आणि सातवीची गणिताची जुनी चाचणी दिली. सहावीची तिने जवळजवळ पूर्ण सोडवली. सातवीच्या भूमितीत ती काहीच करू शकली नाही, कारण ते कोणी शिकवलेलेच नव्हते. गुणोत्तर-प्रमाण मात्र तिने स्वतःच्या पद्धतीने, पानभर चित्रे काढून, बरोबर सोडवले होते. मराठीचा निबंध चारचौघींसारखा होता, अक्षर गिचमिड होते, आणि त्याच आठवड्यात लंगडीत बाद झाल्याबद्दल ती हमसून हमसून रडली. म्हणजे ती संख्यांच्या बाबतीत सातवीत होती, लेखनात पाचवीत होती आणि हरण्याच्या बाबतीत दुसरीत होती. अशा मुलांविषयी बोलताना आपण ‘मोठ्यासारखं आहे’ असे म्हणतो, ते एका अंगापुरतेच खरे असते, आणि बाकीच्या अंगांनी ते मूल त्याच्या वयाचेच वागले की आपल्याला उगाच आश्चर्य वाटते.

म्हणूनच ‘तिला सरळ सातवीत बसवा’ हा सहकाऱ्यांचा सल्ला मी पूर्णपणे मानला नाही. जुन्या काळी डबल प्रमोशन मिळालेले आजोबा अनेक घरांत असतात आणि त्यांचे काही वाईट झालेले नसते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा कौलही मुलांना पुढे जाऊ देण्याच्या बाजूनेच आहे. मी त्या विरोधात नाही. पण तिच्या बाबतीत सगळी इयत्ता उचलून पुढे नेण्याची गरज नव्हती, एक विषय नेला तरी पुरे होते. सातवीच्या सरांनी आणि मी वेळापत्रक जुळवले आणि आठवड्यातून तीन दिवस गणिताच्या तासाला ती शेजारच्या वर्गात जाऊ लागली. पहिल्या दिवशी सातवीतली मुले हसली. महिन्याभरात त्यांतली दोघे मधल्या सुट्टीत तिला शोधत यायला लागली. जोडवर्गाला आपण नेहमी अडचण म्हणतो, आणि शिक्षकासाठी ती आहेच. पण त्या गोट्यांवाल्या चौथीतल्या मुलाला विचारले तर तो सांगेल की वरच्या इयत्तेचे फुकट ऐकायला मिळते, यासारखी चैन नाही.

उरलेल्या दोन दिवसांसाठी मी एक साधा नियम केला: आधी अवघड. कोणताही उदाहरणसंच सुरू करण्यापूर्वी त्यातली शेवटची तीन, सर्वांत अवघड गणिते ज्याला हवी त्याने सोडवून पाहावीत. ती बरोबर आली आणि का बरोबर आली हे मला सांगता आले, तर त्याला बाकीचा संच माफ. माफ झालेल्या वेळात काय करायचे, याची एक पेटी मी खिडकीत ठेवली होती: कोडी, मोजपट्टी, आलेखाचा कागद, जुने ‘किशोर’ अंक, आणि मुलांनीच लिहून टाकलेल्या, उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या. हा नियम मी खरे म्हणजे तिच्या एकटीसाठी केला होता, आणि तो सर्वांना खुला ठेवण्यामागे केवळ पक्षपात दिसू नये एवढाच विचार होता. दिवाळीपर्यंत सहा मुले तो वापरू लागली. त्यांपैकी एक मुलगा भाषेच्या यादीत माझ्याच हाताने ‘अप्रगत’ म्हणून नोंदवला गेला होता. तो वर्गात सतत कोणाची तरी टोपी पळवायचा, आणि आम्ही सगळे त्याला मस्तीखोर म्हणायचो. मुली कंटाळल्या की शेवटचे गणित सोडतात, मुलगे कंटाळले की शेजाऱ्याला टोचतात. माझ्या पाहण्यात तरी असे आहे.

या मुलामुळे मला टर्मन यांची गोष्ट पटली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंक चाचणीने दीड हजारांहून अधिक मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. चाचणी होऊनही ज्यांची निवड झाली नाही, अशांमध्ये विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका सकाळी घेतलेल्या चाचणीपेक्षा वर्षभर उघडा ठेवलेला दरवाजा अधिक मुले शोधून काढतो, असे मला वाटते, आणि त्याला खर्चही कमी येतो.

मात्र एका गोष्टीवर माझ्या वर्गात उपाय नव्हता. तिच्याशी तिच्या वेगाने बोलणारे तिच्या वयाचे कोणी गावात नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी शाळा, शाळासंकुल, जिल्हा आणि त्यापुढच्या पातळीवर विषयमंडळे असावीत, असे म्हटले आहे. मी त्या परिच्छेदाची प्रत घेऊन केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेले आणि ‘साहेब, आपल्याकडे केंद्र तर आहेच’ असे म्हटले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी केंद्रशाळेतली एक खोली दिली आणि पैसे मागू नका असे सांगितले. एक आड एक शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सात शाळांतली अकरा मुले डबा घेऊन जमू लागली.

पहिल्या शनिवारी मी त्यांना देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक राहिलेल्या द. रा. कापरेकर यांची संख्या दिली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. एकाने ३५२४ घेतली: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७, मग ८७३० मधून ०३७८, ८३५२, मग ८५३२ मधून २३५८, ६१७४, आणि त्यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. दुसऱ्याचेही ६१७४, तिसरीचेही ६१७४. खोलीत जो गलका झाला तो मला वर्गात कधी ऐकायला मिळाला नव्हता. शेजारच्या गावातला एक मुलगा लगेच तीन अंकी संख्यांकडे वळला आणि ४९५ वर पोचला. आमची ती दोन अंकी घेऊन बसली आणि ठामपणे म्हणाली की इथेही एकच संख्या येणार. तो मुलगा तिच्या वहीत डोकावून म्हणाला, “चुकलं तुझं. ते फिरतंय.” खरोखरच ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत होते. तिला ‘चुकलं तुझं’ असे तिच्या वयाच्या कोणी म्हणण्याची बहुधा ती पहिलीच वेळ असावी. तिचा चेहरा पडला, मी मनातल्या मनात लंगडीचा प्रसंग आठवला. पण ती रडली नाही, वही ओढून घेऊन पुन्हा मांडू लागली. परत येताना माझ्या स्कूटीवर मागे बसून ती बराच वेळ गप्प होती. गावाच्या कमानीजवळ आल्यावर तिने विचारले, “बाई, तो पोरगा पुढच्या वेळी येणार आहे का?”

घरी फोन वडिलांचा, तोही संध्याकाळी तासभर. वाईला ज्याचे काम उभे राहिले तो मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो, हे मी तिला दाखवले आणि तेवढ्यावर तिची भूक काही दिवस भागली. इंग्रजी येत नसलेल्या अशा मुलांचे वाचन सहावी-सातवीतच कुंपणाला येऊन थडकते; गोष्टी पुष्कळ आहेत, पण ‘का’ आणि ‘कसे’ सांगणारे, त्यांच्या दमाचे मराठी लेखन शोधावे लागते.

तिचे वडील टेम्पो चालवतात. ते एकदा शाळेत येऊन दाराबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, पोरीला कुठला क्लास लावू?” मी क्लास नको म्हणाले. तालुक्याच्या गावी नवोदय-शिष्यवृत्तीचे क्लास आहेत. तिथे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सोडवून घेतात, म्हणजे मी देत असलेल्या ‘अजून दहा’ चे ते पैसे भरून घेतलेले रूप. वडिलांनी माझे म्हणणे मान डोलवत ऐकून घेतले आणि तिला क्लास लावला. मला राग आला नाही. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात सहावीला ८० जागा असतात, राहणे-जेवण-शिक्षण सरकारचे, आणि त्यांच्यासारख्या माणसासाठी ती एकच दिसणारी शिडी असते. शिडीवर पाय ठेवणाऱ्याला पायऱ्यांच्या शैक्षणिक गुणवत्तेविषयी व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. नवोदयच्या यादीत तिचे नाव आले नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत आले, शाल-श्रीफळही झाले.

सातवीपर्यंत ती आमच्याकडेच होती. केंद्रप्रमुखांची बदली झाली, नंतरच्या साहेबांनी खोलीची किल्ली परत मागितली नाही, म्हणून शनिवार कसाबसा चालू राहिला. अकराची सात मुले झाली, मग पुन्हा नऊ. ती आता तालुक्याच्या गावी हायस्कूलला आठवीत जाते, एसटीने. यंदा दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा घेऊन घरी आली होती. उंच झाली आहे, अक्षर अजून गिचमिडच आहे. नव्या वर्गात साठ मुले आहेत, असे ती म्हणाली. गणिताच्या तासाला काय करतेस, असे विचारले तर म्हणाली की झाल्यावर बसते.

“सरांना सांगितलंस का, तुझं लवकर होतं म्हणून?”

ती हसली. “नको बाई. ते अजून दहा देतील.”

त्या सरांचा नंबर मी मिळवला आहे. प्राथमिकच्या बाईने माध्यमिकच्या सरांना फोन करून नेमके काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, याची जुळवाजुळव गेले दोन आठवडे चालली आहे. साठ मुलांच्या वर्गात ‘आधी अवघड’ कसे बसवायचे, याची एक योजना मी कागदावर मांडून ठेवली आहे. बोलण्याची सुरुवात मात्र तिच्या हुशारीपासून करायची नाही, एवढे ठरले आहे. ती करायची माझ्या वर्गातल्या त्या अर्धवट सोडलेल्या बाराव्या गणितापासून.